लांबलेले जुलाब आणि बदललेली किडनी: नोरोव्हायरसचे महिने

नोरोव्हायरस घरात शिरला की बहुधा सगळ्यांनाच धरतो. बाकीचे तीन दिवसांत उठून कामाला लागतात. किडनी बदललेल्या माणसाच्या वहीत मात्र सहाव्या आठवड्यातही ‘आज ७ वेळा, पाण्यासारखं’ असं लिहिलेलं असतं. ज्या घरांनी असे महिने काढले आहेत, त्यांच्याजवळ साठलेली ही माहिती. औषधातला प्रत्येक बदल ट्रान्सप्लांट टीमनेच ठरवायचा, हे एकदाच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे दर ओळीला तेच म्हणायला नको.

विषाणू जुनाच आहे. १९६८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक गावच्या शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली, १९७२ मध्ये तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. आपल्याकडे बऱ्याच जणांनी ते पहिल्यांदा वाचलं २०२५ च्या जानेवारीत, पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण वाढले तेव्हा. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू निघाला, काहींत नोरोव्हायरस.

ट्रान्सप्लांटनंतर तो मुक्काम ठोकतो याचं कारण सरळ आहे. किडनी टिकावी म्हणून ज्या पांढऱ्या पेशींना आपण गोळ्यांनी झोपवून ठेवलेलं असतं, त्याच पेशी आतड्यातून हा विषाणू हुसकून लावतात. त्या अर्धवट जाग्या असल्या की विषाणू मरत नाही, हळूहळू रूप बदलत राहतो. झुरिकच्या डॉक्टरांनी २०१० साली किडनी बदललेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यांच्या शौचातून विषाणू ९७ ते ८९८ दिवस बाहेर पडत राहिला होता. म्हणून दहाव्या दिवशी जुलाब थांबले नाहीत तर घाबरायचं कारण नाही. गाफील राहायचं मात्र मुळीच नाही, कारण किडनीला धोका विषाणूपेक्षा दोन वेगळ्याच गोष्टींचा असतो. एक, अंगातलं पाणी जाणं. दुसरी, टॅक्रोची, म्हणजे रिजेक्शन टाळायला घेतल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमस या गोळीची, रक्तातली लेव्हल वर जाणं.

ही दुसरी गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. जुलाब होताहेत, म्हणजे गोळी वाहून जात असणार, म्हणजे लेव्हल खाली जाणार, असा हिशोब मनात येतो. टॅक्रोलिमसचं नेमकं उलट होतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी एरवी या औषधाचा बराच भाग तिथेच मोडून टाकतात किंवा परत आतड्यात ढकलतात. अस्तर सोललं गेलं की हा पहारा उठतो आणि तीच गोळी जास्त प्रमाणात रक्तात उतरते. ६ ते ८ मध्ये बसणारी लेव्हल काही दिवसांत १५ वर दिसू शकते. हात थरथरतात, झोप उडते, पोटॅशियम चढतं, मॅग्नेशियम उतरतं. जादा टॅक्रो किडनीच्या रक्तवाहिन्या आवळतं. त्यात अंगात पाणी कमी, आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढायला लागतं. रिपोर्ट पाहून घरातल्यांच्या पोटात गोळा येतो की रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणं, सुरू झालं. बऱ्याचदा ते रिजेक्शन नसतं, पण हे ठरवायला आकडे लागतात. म्हणून वही.

वहीत दर सकाळी पाच गोष्टी लिहायच्या. वजन: लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, साधारण त्याच कपड्यांत. गेल्या २४ तासांची लघवी, मापाच्या भांड्यात मोजून. पातळ संडास किती वेळा. तोंडाने किती पाणी गेलं. आणि रक्तदाब दोनदा, एकदा बसून, मग उभं राहून दोन-तीन मिनिटांनी. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने पडत असेल तर पाणी कमी पडतंय, मग तोंड ओलं वाटत असो की नसो. सगळ्यात बोलका आकडा वजनाचा. एका रात्रीत किलोभर वजन उतरलं तर ती चरबी नव्हे, लिटरभर पाणी आहे. साठ किलोच्या माणसाचं वजन एका दिवसात सव्वा किलोने उतरलं, किंवा दिवसाची लघवी अर्ध्या लिटरच्या खाली गेली, तर पुढच्या ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करावा. ताप १००.४ च्या वर, संडासात रक्त, पोट फुगून दुखणं, गुंगी, किंवा गोळ्या पोटात ठरतच नसणं, यातलं काहीही झालं की फोनवर न थांबता थेट ॲडमिट व्हायच्या तयारीने निघायचं.

लघवी मोजताना एक अडचण येते. जुलाब चालू असताना लघवी आणि संडास एकदमच होतात आणि निम्मी लघवी भांड्यात पडतच नाही. त्यावर उपाय म्हणजे कमोडवर बसायच्या आधी उभं राहून किंवा वेगळ्या भांड्यात लघवी करायची सवय. बायकांना हे जास्त कटकटीचं जातं; त्यांनी वजनावर भर द्यावा.

पाणी म्हणजे ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं: मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. हे एक लिटर पाण्यासाठी आहे, पेलाभर पाण्यासाठी नाही. पूर्ण पाकीट एका ग्लासात ढवळून पिणारे लोक आहेत, आणि मग ‘ओआरएसने जुलाब वाढले’ अशी तक्रार येते. बरोबरच आहे, इतकं दाट द्रावण आतड्यात उलट पाणी ओढून घेतं. २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, त्यामुळे पाकिटावरचा आकडा वाचूनच पाणी मोजायचं. लिटरची बाटली सकाळी भरली तर २४ तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. दुकानात तयार पेटीत मिळणारी गोड पेयं हा वेगळाच घोटाळा होता. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, सूत्र न पाळणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला मनाई केली, पण घरात जुना समज अजून आहे. साखर जास्त आणि मीठ कमी असलेलं काहीही, म्हणजे ते पेय, कोकम सरबत, फळांचा रस, शीतपेय, जुलाब वाढवतं.

आणि नारळपाणी. भेटायला येणारा प्रत्येक माणूस दोन शहाळी घेऊन येतो. त्यात पोटॅशियम ओआरएसच्या दुपटीच्या घरात किंवा त्याहूनही जास्त, सोडियम कमी. टॅक्रोने आधीच पोटॅशियम चढवलेलं असतं, सोबत संसर्ग टाळायला दिलेली सेप्ट्रानची गोळी चालू असेल तर तीही त्यात भर घालते. पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट हातात नसेल तर शहाळं पाहुण्यांनाच फोडून द्यावं.

हिशोब साधा ठेवायचा: रोजचं ठरलेलं पाणी, अधिक प्रत्येक पातळ संडासामागे २०० ते २५० मिली ओआरएस. आठ वेळा झालं तर जवळजवळ दोन लिटर वरचे. एका दमात ग्लास रिकामा केला की उलटी होते, म्हणून दर पाच मिनिटांनी दोन घोट. ट्रान्सप्लांटनंतर साखर वाढलेली असेल तर ओआरएसमधल्या ग्लुकोजला घाबरून ते बंद करू नये. ग्लुकोजशिवाय आतडं मीठ आत घेत नाही. साखर जास्त वेळा तपासायची आणि इन्सुलिनचं डॉक्टरांशी बोलून घ्यायचं. तोंडाने भरपाई होत नसेल तर सलाईन लावून घेण्यात कमीपणा मानू नये. दोन दिवस उशीर केला की किडनी त्याची किंमत वसूल करते.

आता गोळ्यांकडे. इथे घरचे तीन चुका करतात.

पहिली चूक म्हणजे सेल्सेप्ट, म्हणजे मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, स्वतःच बंद करणं. ‘हिनेच जुलाब होतात’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि ते खोटंही नाही. पण ही गोळी अचानक थांबवून रिजेक्शन ओढवून घेतलेली माणसं कमी नाहीत. दुसरी, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून जुलाबावरची अँटिबायोटिकची जोडगोळी आणणं. विषाणूला अँटिबायोटिक लागू पडत नाही, आतड्यातले चांगले जंतू मात्र मरतात आणि क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाचा वस्ताद जंतू डोकं वर काढतो. मेट्रोनिडाझोलने टॅक्रोची लेव्हल वाढू शकते, आणि क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल यांनी ती नक्कीच वाढते. पोटदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड ही मंडळी तर किडनी बदललेल्याच्या घरात असूच नयेत. तिसरी चूक सगळ्यात घातक: खाल्लेलं काही ठरत नाही म्हणून वायसोलोन, म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, चुकवणं. महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन घेतलेल्या शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवायची सवय गेलेली असते. आजारपणात नेमकी ती जास्त लागते. गोळी ठरत नसेल तर इंजेक्शनने द्यावी लागते, आणि हे कॅज्युअल्टीतल्या नवख्या डॉक्टरला रुग्णानेच सांगावं लागतं. फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलेलं बरं.

गोळी घेतली आणि उलटी झाली तर? अर्ध्या तासाच्या आत झाली आणि उलटीत गोळी दिसली तर बहुतेक युनिट तोच डोस परत घ्यायला सांगतात. तासाभरानंतर झाली तर परत नको म्हणतात. मधल्या वेळेचा नियम युनिटगणिक बदलतो; तो आजारी पडायच्या आधीच विचारून फ्रिजवर चिकटवावा.

बाकी काही गोळ्या जुलाबाच्या दिवसांत तात्पुरत्या थांबवायच्या असतात आणि त्या विचारायच्या राहून जातात: टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, साखरेच्या मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन. कोरड्या पडलेल्या शरीरात या किडनीवर आणखी ताण आणतात. फोन करताना पूर्ण यादी वाचून दाखवायची आणि प्रत्येकीपुढे ‘चालू’ की ‘बंद’ लिहून घ्यायचं. मॅग्नेशियमची गोळी चालू असेल तर तीही वाचा. ती स्वतःच पोट सैल करते.

तपासण्यांचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण सगळं एकदम पाठवलं की बिल मोठं आणि उत्तर धूसर. ट्रान्सप्लांटनंतरच्या जुलाबांना कारणं पुष्कळ: मायकोफेनोलेट, सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस), सी. डिफिसिल, साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हमखास क्रिप्टोस्पोरिडियम, सायक्लोस्पोरा, जिआर्डिया हे परजीवी. साध्या शौच तपासणीत यातले बरेच दिसत नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियम आणि सायक्लोस्पोरासाठी मॉडिफाइड ॲसिड-फास्ट रंग लावावा लागतो, मायक्रोस्पोरिडियासाठी मॉडिफाइड ट्रायक्रोम. चिठ्ठीवर तसं लिहिलं नसेल तर लॅब आपणहून करत नाही. परजीवींसाठी एक नमुना पुरत नाही, एक दिवसाआड असे तीन द्यावेत. नोरोव्हायरस सापडतो तो पीसीआरमध्ये, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीत. मल्टिप्लेक्स पॅनेल एकाच नमुन्यात वीसएक जंतू शोधतं, महागडं आहे, पण दोन आठवड्यांच्या वर जुलाब लांबले असतील तर ते पैसे सत्कारणी लागतात. सगळ्यात प्रचलित पॅनेलमध्ये मायक्रोस्पोरिडिया नसतात, एवढं ध्यानात असू द्यावं. रक्तातला सीएमव्ही पीसीआर निगेटिव्ह आला तरी आतड्यात सीएमव्ही असू शकतो. शंका राहिली तर कोलोनोस्कोपी करून तुकडा तपासावा लागतो.

नमुना घेणं हे लिहायला लाज वाटेल इतकं साधं काम, आणि तिथेच माती होते. जेटचं पाणी मिसळलं की नमुना गेला. लघवी मिसळली तरी गेला. कमोडची सीट उचलून भांड्यावर स्वच्छ प्लास्टिकचा कागद झोळीसारखा सैल पसरायचा, कडा चिकटपट्टीने बाहेरच्या बाजूला लावायच्या, वर सीट टेकवायची. आधी लघवी करून घ्यायची, मग बसायचं. डबीच्या झाकणाला चमचा असतो त्याने पातळ भाग घ्यायचा, डबी एक तृतीयांश भरली की पुरे. काठोकाठ भरलेली डबी उघडताना उडते. नाव आणि वेळ आधीच लिहायची, ओल्या डबीवर पेन उमटत नाही. सी. डिफिसिलसाठी नमुना पातळच आणि ताजा लागतो, पीसीआरचा फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवता येतो. अर्थात भाजीच्या कप्प्यात नाही. दोन पिशव्यांत बांधून वेगळ्या डब्यात.

टॅक्रो लेव्हलचंही तसंच. रक्त घ्यायचं ते आदल्या रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी, सकाळची कॅप्सूल घ्यायच्या आधी, जांभळ्या झाकणाच्या नळीत. दिवसातून एकदाच घ्यायच्या प्रकाराला २४ तास. घरी रक्त न्यायला येणारा मुलगा नऊची वेळ देऊन साडेदहाला येतो आणि तोवर सवयीने गोळी घेतलेली असते. मग लेव्हल २२ येते, सगळे धावतात, डोस कमी होतो, आणि तो कमी करायची गरजच नसते. दर वेळी एकच लॅब ठेवावी, कारण मोजायच्या पद्धती वेगळ्या असल्या की आकडेही जुळत नाहीत. रिपोर्ट पाठवताना शेवटचा डोस किती वाजता आणि रक्त किती वाजता, हे दोन आकडे सोबत लिहावेत. लांबलेल्या जुलाबांत सुरुवातीला आठवड्यातून दोनदा लेव्हल, क्रिएटिनिन, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि मॅग्नेशियम बघितलं जातं. पातळ शौचातून बायकार्बोनेट वाहून जातं आणि रक्त आम्ल होतं. धाप लागल्यासारखा खोल श्वास चालू झाला तर तेच कारण असू शकतं. त्यासाठी सोडाबायकार्बच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या देतात.

नोरोव्हायरस नक्की झाला की पुढे काय? त्याच्यावर मंजूर झालेलं औषध नाही, हे आधी मान्य करावं लागतं. खरं हत्यार म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थोडी सैल करणं, आणि त्यात पहिला नंबर मायकोफेनोलेटचा. डॉक्टर बहुधा डोस पाव ते निम्मा कमी करतात, किंवा तोच डोस दिवसात तीन-चार वेळा वाटून देतात, किंवा आतड्यात विरघळणाऱ्या मायकोफेनोलेट सोडियमवर नेतात. तिथे ५०० ऐवजी ३६० मिलिग्रॅमची गोळी येते, आकडा वेगळा दिसला म्हणून डोस कमी झाला असं समजू नये. काहींना त्याच कामाच्या ॲझाथायोप्रिन या दुसऱ्या गोळीवर नेतात. युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेब्युक्सोस्टॅट चालू असेल तर हे तेव्हाच ओरडून सांगायचं. या जोडीने पांढऱ्या पेशी धोकादायक खाली जातात, आणि युरिक ॲसिडची गोळी दुसऱ्याच डॉक्टरने दिलेली असल्याने ट्रान्सप्लांटच्या कागदावर ती नसते.

डोस कमी करण्याची घाई मात्र नको. २००६ साली बेल्जियममध्ये झालेल्या एका पाहणीत, नीट क्रमाने कारणं शोधून उपचार केल्यावर जवळपास निम्म्या रुग्णांचे जुलाब प्रतिकारशक्तीच्या गोळ्यांना हात न लावताच थांबले होते. आणि कमी केल्यावर लगेच फरक पडेल अशीही आशा धरू नये. त्याला आठवडे लागतात. या आठवड्यांत क्रिएटिनिन दर आठवड्याला, लघवीतलं प्रोटीन, आणि टीमला वाटलं तर दात्याविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी. दोरी एका बाजूने सैल केली की दुसऱ्या बाजूला लक्ष ठेवावंच लागतं.

नायटाझोक्सानाइड हे मुळात परजीवींवरचं औषध बहुतेकांच्या चिठ्ठीवर येतं, ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणासोबत. रिकाम्या पोटी घेतलं तर नीट शोषलं जात नाही. लघवी हिरवट पिवळी दिसते, तिला घाबरू नये. क्रिप्टोस्पोरिडियम सोबत असेल तर त्याचा उपयोग अधिक. निव्वळ नोरोव्हायरसवर काहींना गुण येतो, काहींना नाही, आणि ज्यांना येतो त्यांचे जुलाब आपसूक थांबत आले होते की काय, हे सांगणं अवघड. स्वस्त आहे, सहन होतं, म्हणून एकदा देऊन बघायला हरकत नाही; जुलाब परत उलटले की दर वेळी नवा कोर्स मागत बसू नये, असं आमचं मत. इम्युनोग्लोब्युलिनचं गणित वेगळं. शिरेतून देण्याचं इंजेक्शन काही केंद्रं तोंडाने पाजतात, वजनाच्या किलोमागे २५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, असे आठ डोस. साठ किलोच्या माणसाला १२ ग्रॅम होतं. खर्च मोठा, पुरावा अर्धाकच्चा. संमतिपत्रावर सही करण्याआधी ‘हे केलं नाही तर काय होईल?’ हा प्रश्न विचारायला संकोच करू नये.

जुलाब बांधणाऱ्या गोळ्या, म्हणजे लोपेरामाइड, सी. डिफिसिल नाही हे कळेपर्यंत आणि ताप किंवा रक्त असताना घेऊ नयेत. ते निश्चित झाल्यावर मात्र रात्रीची झोप मिळावी म्हणून टीम परवानगी देते, आणि त्या झोपेचं मोल औषधाइतकंच असतं. जिवंत जंतूंच्या प्रोबायोटिक पुड्या ‘साध्याच तर आहेत’ म्हणून सुरू करू नयेत. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात त्या विचारूनच.

खाण्यात पहिले काही आठवडे दूध बंद. अस्तर सोललं की दुधातली साखर पचवणारं एन्झाइम नाहीसं होतं, आणि विषाणूचा जोर ओसरल्यावरही दुधाच्या चहाने जुलाब चालू राहतात. हा मुद्दा सुटला म्हणून महिनाभर औषधं बदलत बसलेली घरं आहेत. भाताची पेज मीठ घालून, मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण, साबुदाण्याची लापशी पाण्यातली, नीट शिजलेलं अंडं. तिखट-तेलकट तर नकोच, पण नुसत्या पेजेवरही महिने काढू नयेत. प्रोटीन कमी पडून दंड-मांड्या सुकतात आणि वजन उतरतं ते मग पाण्याचं नसतं. पपनस आणि ग्रेपफ्रूट टॅक्रो वाढवतात, ती कायमचीच वर्ज्य. पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळायचं. क्लोरीनच्या थेंबांनी क्रिप्टोस्पोरिडियम मरत नाही.

घरच्यांच्या बाजूचं एक काम आहे आणि त्यात सॅनिटायझर कामाचं नाही. नोरोव्हायरसला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोल त्याचं फारसं बिघडवत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद चोळून. फरशी-कमोडला सोडियम हायपोक्लोराइट. ५ टक्क्यांचं मिळतं ते २० मिली घेऊन पाणी घालत एक लिटर केलं की १००० पीपीएम. रोजच्या पुसण्याला पुरे. उलटी किंवा सांडलेल्या जागेला १०० मिलीचं एक लिटर, म्हणजे ५००० पीपीएम. सांडलेलं आधी जुन्या कागदांनी झाकायचं, वर द्रावण ओतायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग मास्क-हातमोजे घालून कडेकडून आत गोळा करायचं. फडक्याने लगेच पुसलं की ते पसरतं आणि हवेत उडतं. द्रावण रोज नवं करायचं, शिळ्यात जोर राहत नाही. आणि संडास धुवायच्या ॲसिडच्या बाटलीबरोबर ते कधीही मिसळायचं नाही. क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये गुदमरायला एवढं पुरतं. मोरी धुणाऱ्या मावशींना हे तोंडी सांगा, बाटली दाखवून सांगा. फ्लश करताना झाकण बंद. घरात दुसऱ्या कुणाला उलट्या-जुलाब झाले तर थांबल्यावर दोन दिवस त्याने स्वयंपाकघरात पाऊल ठेवू नये. बाळाला रोटाव्हायरसची लस पाजली असेल तर त्याचे लंगोट काही आठवडे रुग्णाने बदलू नयेत, कारण ती लस जिवंत विषाणूची असते.

लांबलेल्या दुखण्याला भरती-ओहोटी असते. आठ दिवस घट्ट, मग चार दिवस परत पाणी. प्रत्येक भरतीला नवा पीसीआर करायची खुमखुमी येते. त्याने फारसं साधत नाही. जुलाब थांबल्यावरही पीसीआर आठवडेच्या आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि पॉझिटिव्ह रिपोर्टला उपचार नसतो. वजन टिकलंय, क्रिएटिनिन जागेवर आहे, संडास तीनच्या आत आहेत, एवढं असेल तर रिपोर्टशी भांडू नये. उलट जुनं दुखणं धरून बसलेल्या माणसाला अचानक ताप, रक्त किंवा झपाट्याने वजन उतरणं असं काही नवं झालं तर ‘तोच व्हायरस’ म्हणून सोडू नये. तेव्हा तपासण्या पुन्हा पहिल्यापासून, सीएमव्हीसकट.

आणि पोट बरं झाल्यावरचा आठवडा. शौच बांधून यायला लागलं, घरात पहिल्यांदा कुणी हसलं, वही कपाटात गेली, असं होतं आणि नेमकं तेव्हा गडबड होते. अस्तर भरून आलं की आतड्यातला तो पहारा परत उभा राहतो आणि टॅक्रो पूर्वीसारखं कमी शोषलं जातं. पण डोस मात्र जुलाबातल्या चढलेल्या लेव्हलसाठी कमी केलेलाच चालू असतो, सोबत मायकोफेनोलेटही निम्म्यावर. लेव्हल ३ वर घसरते आणि कळत नाही, कारण माणसाला छान वाटत असतं. म्हणून पहिलं बांधलेलं शौच वहीत लिहिलं की त्याच ओळीत पुढच्या लेव्हलची तारीख टाकायची: पाचव्या ते सातव्या दिवशी एक, त्यानंतर आठवड्याने दुसरी. डोस वाढवून मिळाला की कॅप्सूलची जुनी-नवी पाकिटं वेगळी करायची, कारण ०.५ आणि १ मिलिग्रॅमच्या पट्ट्या एकाच डब्यात पडलेल्या असतात आणि पहाटे अर्धवट झोपेत त्या सारख्याच दिसतात.